पॉलिहाऊसच्या गुलाबात मित्रकोळी सोडायचाय? आधी फवारणीची वही काढा

मावळात आमचं १० गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, डच गुलाबाचं. गुलाब म्हटला की लाल कोळी आलाच, आणि फेब्रुवारीनंतर ऊन तापायला लागलं की आठवड्याला एक कोळीनाशक, मग पाच दिवसांनी एक, मग दोन मिक्स करून, हे चक्र ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मी जेव्हा घरात म्हटलं की आता कोळी खाणारा कोळी आणून सोडूया तेव्हा आमचे अण्णा, म्हणजे सासरे, म्हणाले, "अगं, आहेत ते किडे कमी पडले म्हणून पैसे देऊन अजून आणतेस का?"

पहिल्या वेळी अण्णाच बरोबर ठरले, दुसऱ्या वेळीही. तिसऱ्यांदा जमलं. दोन्ही वेळा चूक मित्रकोळ्याची नव्हती, माझी होती, आणि त्याच चुका नवीन माणूस हमखास करतो म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढतेय. काकडी, ढोबळी मिरची, स्ट्रॉबेरी करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, पण माझा अनुभव गुलाबाचा आहे हे धरून वाचा.

आधी सामान, म्हणजे मधेच धावपळ नको:

- १० किंवा २० पटीचं भिंग. गळ्यात अडकवायच्या दोरीसकट घ्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी बेडमध्ये हरवतं.
- फवारणीची वही, मागच्या तीन महिन्यांची. नसेल तर कृषी सेवा केंद्राची बिलं काढून आठवून लिहा.
- तापमान आणि आर्द्रता दाखवणारं साधं डिजिटल मीटर, शक्यतो कमाल-किमान लक्षात ठेवणारं.
- पांढरे कागद, मार्कर, रंगीत रिबिनी (कोळी दिसलेल्या जागा, म्हणजे स्पॉट, खुणेने ओळखायला).
- मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या, पानं काढून टाकायला.
- स्वतंत्र फवारणी पंप. का ते खाली येतंच.

१. कोण कोण आहे ते ओळखायला शिका

लाल कोळी हा किडा नाही, आठ पायांचा आहे, कोळ्याच्या जातकुळीतला. म्हणून कुठलंही कीटकनाशक मारलं की तो मरेल असं नसतं. आपल्याकडे गुलाबावर मुख्य त्रास देणारा म्हणजे दोन ठिपक्यांचा कोळी, टेट्रानिकस अर्टिकी. मादी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतो, वरून पानावर बारीक पांढरट-पिवळे ठिपके दिसतात, पुढे पान तांबूस पडतं आणि जाळी येते. ३० डिग्रीच्या आसपास अंड्यापासून मोठा कोळी व्हायला ८ ते १० दिवस पुरतात. नराशिवायही मादी अंडी घालते, त्यातून फक्त नर निघतात, म्हणजे एकटी मादी जरी वाचली तरी तिचं खानदान परत उभं राहू शकतं.

मित्रकोळी, म्हणजे परभक्षी कोळी, आकाराने जवळपास तेवढाच. मग भिंगातून फरक कसा करायचा? चाल बघा. लाल कोळी बसलेला असतो, हलला तरी रेंगाळत. मित्रकोळी सारखा पळत असतो, अक्षरशः पानाच्या शिरेवरून धावतो, पुढचे पाय लांब, अंग गुळगुळीत चकचकीत आणि थेंबासारखं, बाजूला काळे ठिपके नाहीत. अंडी ओळखणं त्याहून सोपं. लाल कोळ्याचं अंडं भिंगाखाली भिजलेल्या साबुदाण्यासारखं, गोल आणि पारदर्शक. मित्रकोळ्याचं जवळपास दुप्पट मोठं आणि लांबट, इंद्रायणीच्या भाताच्या शितासारखं. एकदा हे डोळ्यात बसलं की चुकत नाही. मला बसायला आठ दिवस लागले, रोज सकाळी पाच-पाच पानं उलटी करून बघायचे.

जगात सगळ्यात प्रसिद्ध मित्रकोळी म्हणजे फायटोसियुलस पर्सिमिलिस, केशरी रंगाचा, फक्त जाळी करणाऱ्या कोळ्यांवरच जगतो. १९६७ साली यान कोपर्ट नावाच्या हॉलंडच्या काकडीवाल्या शेतकऱ्याला रासायनिक औषधांचा त्रास व्हायला लागला म्हणून त्याने हाच कोळी वापरायला सुरुवात केली आणि पुढे त्याचीच कंपनी झाली. गुलाब आपण डच आणला, पॉलिहाऊस आणलं, ही सवय तेवढी तिकडेच राहिली. आपल्या हवेत मात्र जास्त जवळचा तो निओसियुलस लाँजिस्पायनोसस. हा भारतात मुळातच आहे, न फवारलेल्या वांगी-एरंडाच्या पानांवरसुद्धा सापडतो, आणि पर्सिमिलिसपेक्षा उष्णतेत बरा टिकतो. पुढे मी मित्रकोळी म्हणेन तेव्हा डोळ्यासमोर हाच ठेवा.

२. फवारणीची वही वाचा (हीच खरी पायरी)

माझी पहिली फसगत इथे झाली. फुलकिड्यांसाठी मी एक सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारलं होतं, त्याला तीन आठवडे होऊन गेले होते, मला वाटलं तीन आठवडे म्हणजे पुष्कळ. मित्रकोळी सोडले, चौथ्या दिवशी भिंग लावलं तर एकही पळताना दिसेना, आणि लाल कोळी मजेत. झालं होतं असं की या गटातल्या औषधांचा अंश पानावर राहून मित्रकोळ्याला दोन-तीन महिनेसुद्धा मारू शकतो. लाल कोळ्याला त्याचं फारसं काही वाटत नाही, त्याने पिढ्यानपिढ्या पचवलंय. म्हणजे आपण राखणदार मारतो आणि चोराला मोकळं रान देतो, आणि मग म्हणतो औषध लागू पडत नाही.

तर वही घ्या आणि ढोबळमानाने असं बघा:

पायरेथ्रॉइड (सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा वगैरे) मारलं असेल तर दोन ते तीन महिने थांबा. ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर दीड-दोन महिने. अबामेक्टिन, जे आपल्याकडे गुलाबावर नेहमी मारतात, त्याला किमान दोन आठवडे द्या. इमिडाक्लोप्रिड मारल्यावर लाल कोळी कमी व्हायच्या ऐवजी वाढल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे मावा दिसला की लगेच ते उचलायची सवय सोडा.

भुरी (पानांवर पांढरी पूड आणणारा बुरशीचा रोग) ही यातली सगळ्यात मोठी अडचण. गुलाबाला भुरी येणार, आपण गंधक मारणार, आणि गंधक वारंवार मारलं तर मित्रकोळी टिकत नाही. मॅन्कोझेबही पुन्हा पुन्हा मारलं तर नडतं. मी भुरीला हेक्झाकोनॅझोल, मायक्लोब्युटानिल अशा गटातली आलटून पालटून वापरते, ती मित्रकोळ्याला बरीच सौम्य आहेत. अगदीच कोळीनाशक मारायची वेळ आली तर बायफेनाझेट किंवा अंड्यांवर काम करणारं हेक्झिथायाझॉक्स ही त्यातल्या त्यात मित्राला जपणारी. पण गुलाबासाठी लेबलवर काय आहे ते वाचूनच, दुकानदाराच्या तोंडी प्रिस्क्रिप्शनवर नको.

आणि पंप. ज्या पंपातून शेजारच्या टोमॅटोला काहीबाही मारलंय तोच पंप धुऊन आत आणायचा नाही. मी आत वापरायचा पंप वेगळा ठेवलाय, त्यावर ऑइल पेंटने मोठं "गुलाब" लिहिलंय, तरी एकदा तो उसना गेलाच.

३. माल कुठून आणायचा

खरं सांगायचं तर आपल्याकडे ट्रायकोग्रामाची कार्डं किंवा मिलीबग खाणारा क्रिप्टोलिमस मिळणं जितकं सोपं आहे तितकं मित्रकोळ्याचं नाही. शोधाची सुरुवात पुण्याच्या कृषी महाविद्यालयापासून करा, तिथे जैविक कीड नियंत्रणाचं संशोधन केंद्र आहे, आणि बेंगळुरूला राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो आहे, मित्रकीटकांची जिवंत कल्चर (वाढवून जपलेला साठा) सांभाळणं हे त्यांचं कामच आहे. फोन करताना पीक, क्षेत्र, आत्ता मारलेली औषधं आणि कधी पाहिजे हे हातात लिहून ठेवा, कारण पलीकडचा माणूस हेच चार प्रश्न विचारतो. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या कीटकशास्त्राच्या तज्ज्ञांनाही विचारा.

ऑनलाइन परदेशी बाटल्या दिसतात, त्या मागवायचा मोह टाळा. जिवंत कीटक-कोळी बाहेरून आणायला केंद्र सरकारच्या प्लांट क्वारंटाइनची परवानगी लागते, २००३ चा आदेश आहे त्याचा. कुणी "मी गुपचूप आणून देतो" म्हणाला तर त्याच्या बाटलीत काय असेल याची खात्री कोण देणार?

खाजगी विक्रेत्याकडून घेताना तीन गोष्टी लेखी मागा: जात कोणती, बाटलीत किती, आणि पॅक केल्याची तारीख. माझी दुसरी फसगत या पायरीवर झाली. एप्रिल महिना, विक्रेत्याने पार्सल एसटीने पाठवलं, ते दुपारभर डिकीत. घरी येऊन बाटली उघडली तर आतला कोंडा, ज्यात मित्रकोळी भरून येतात, कढईत भाजल्यासारखा गरम, पांढऱ्या कागदावर ओतून अर्धा तास बघत बसले, हलणारे अकरा. विक्रेता म्हणाला, पाठवताना जिवंत होते. असतीलही. त्यामुळे माल हिवाळ्यात मागवा, रात्रीच्या प्रवासाने मागवा, थर्माकोलच्या डब्यात मागवा, आणि शक्य असेल तर स्वतः जाऊन आणा.

४. सोडायच्या आधीचा आठवडा

मित्रकोळी म्हणजे अग्निशमन दल नाही. जाळी लटकायला लागली, कळ्यांवर कोळी चढला, मग आणून सोडला तर तो खाऊन खाऊन किती खाणार? त्यामुळे आधी स्पॉट शोधा. कोळी सगळीकडे एकदम येत नाही, तो दारापाशी, पॅसेजच्या कडेला, पत्र्याजवळच्या गरम कोपऱ्यात आणि धुळीच्या रस्त्याकडच्या बाजूला आधी येतो. प्रत्येक स्पॉटला रिबीन बांधा.

जास्त खराब पानं काढा, जागेवर पिशवीत भरा, पिशवी बंद करून मग बाहेर न्या. उघड्या पाटीतून नेलं तर वाटेतल्या चार बेडना प्रसाद वाटत जाल. मग पाण्याचा प्रेशर खालून वर, पानाच्या पाठीवर बसेल असा मारा, सकाळी मारा म्हणजे दुपारपर्यंत पानं सुकतील, नाहीतर डाऊनी आणि बोट्रायटिस या बुरशीसारख्या रोगांना आमंत्रण. नुसत्या पाण्यानेही कोळी आणि जाळी बऱ्यापैकी खाली येतात.

कामाच्या बायकांना एक गोष्ट समजावून सांगा आणि स्वतःही पाळा: रिबीन बांधलेल्या बेडमध्ये सगळ्यात शेवटी जायचं. कोळी साडीच्या पदराला, ओढणीला, शर्टाच्या बाहीला चिकटून पुढच्या बेडला जातो. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी हे माझ्याआधी ओळखलं होतं, त्या म्हणायच्या, "ताई, ज्या रांगेत मी कालच्याला होते तिथंच आज निघालाय बघा."

५. बाटली घरी आली

उभी नाही, आडवी ठेवा, सावलीत. फ्रिजच्या आत खोलवर ढकलून विसरायचं नाही, ठेवायचीच असेल तर ८ ते १० डिग्रीला आणि एखादाच दिवस. खरं म्हणजे आली त्या संध्याकाळी सोडायची.

सोडायच्या आधी बाटली हळू हळू गोल फिरवा (खळखळ हलवू नका), एक चमचा माल पांढऱ्या कागदावर पसरा आणि पळणारे मोजा. बाटलीत साधारण किती चमचे आहेत त्याने गुणा. लेबलवर लिहिलेल्याच्या आसपास आकडा आला तर ठीक, निम्म्याहून कमी आला तर त्याच वेळी व्हिडिओ काढून विक्रेत्याला पाठवा, दुसऱ्या दिवशी कुणी ऐकत नाही.

६. किती आणि कुठे सोडायचे

हिशोब सोपा आहे. १ गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर, म्हणजे १० गुंठ्यांचे १००० चौरस मीटर. कोळी कमी असताना चौरस मीटरला ५ धरले तर ५००० लागतात. रिबीनवाल्या स्पॉटवर मात्र हात सैल सोडा, तिथे चौरस मीटरला २० ते ५०. सगळीकडे सारखं शिंपडणं हा नवीन लोकांचा आवडता उद्योग आहे, मीही पहिल्यांदा हळदीकुंकवाला अत्तर लावावं तसं सगळ्यांना थोडं थोडं दिलं होतं. खाणाऱ्यांना जेवण आहे तिथे नेऊन बसवा.

गुलाबात एक फार मोठी सोय आहे ती म्हणजे बेंडिंग. आपण ज्या फांद्या वाकवून बेडच्या दोन्ही बाजूंना सोडतो, त्या दाट पानांच्या आत सावली असते, गारवा असतो, पानाजवळची आर्द्रता वरच्यापेक्षा जास्त असते, आणि आपण ती पानं काढत नाही. लाल कोळीही तिथेच लपतो आणि मित्रकोळ्याचंही घर तिथेच बनतं. म्हणून माल वरच्या शूटवर नाही, बेंडवर सोडायचा. फुलं वरून कापली जातात, बेंड राहतो, घर मोडत नाही. एक दिवस वेळ काढून बेंड हाताने उघडून आतलं एक पान उलटं करून बघा, वरच्या पानापेक्षा वेगळंच जग असतं तिथे, जुन्या जाळीचे धागे, वाळलेली कातडी, आणि त्यात एखादा मित्रकोळी कोळ्याच्या पिल्लाला पकडून जागच्या जागी शांत उभा, पळणारा प्राणी जेवताना तेवढा थांबतो.

वेळ संध्याकाळची. फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारी यंत्रणा) किंवा ड्रिप झाल्यावर, पानं ओली चिंब नसताना. दोन आठवड्यांनी दुसरा हप्ता सोडा, सगळे पैसे पहिल्याच दिवशी घालवू नका.

७. सोडल्यानंतरचे वीस दिवस हात बांधून ठेवा

हे सगळ्यात अवघड. चार-पाच दिवसांत काहीच फरक दिसत नाही, उलट कोळी वाढल्यासारखा वाटतो, आणि घरातला प्रत्येक माणूस पंपाकडे बघायला लागतो. मित्रकोळ्याची पिढी पाच-सहा दिवसांत तयार होते, म्हणजे कोळ्यापेक्षा लवकर, पण त्याला दोन-तीन पिढ्या तरी द्याल की नाही?

दर आठवड्याला एकाच वारी, प्रत्येक बेडमधून २० पानं, बेंडमधली आणि मधल्या उंचीची. वहीत दोनच रकाने: कोळी असलेली पानं किती, आणि त्यातल्या किती पानांवर मित्रकोळी किंवा त्याची अंडी. एकेक कोळी मोजत बसू नका, डोळे जातील. कोळीवाल्या पानांपैकी निम्म्याहून जास्त पानांवर मित्र दिसायला लागला की पंप अडगळीत टाका, दोन-तीन आठवड्यांत कोळी कोसळतो. दहा कोळ्यांमागे एक मित्र असेल तरी गाडी रुळावर आहे. दोन आठवडे होऊनही मित्र मोजक्याच पानांवर असेल तर त्या स्पॉटवर परत सोडा, किंवा तेवढ्याच स्पॉटला सौम्य कोळीनाशक द्या, अख्ख्या पॉलिहाऊसला नाही.

आमच्याकडे सतराव्या दिवशी अण्णा माझं भिंग घेऊन गेले आणि अर्ध्या तासाने येऊन म्हणाले, "तो पळणारा, त्याला रोज किती लागतात खायला?" तेव्हापासून आठवड्याची मोजणी त्यांच्याकडे आहे, आणि माझ्यापेक्षा चोख करतात.

फुलकिडे मधेच आले तर निळे चिकट सापळे वाढवा, उमलून गेलेली फुलं झाडावर ठेवू नका, त्यातच ते पोसतात.

८. उन्हाळा

मित्रकोळ्याच्या अंड्याला पानाजवळ साधारण ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते, हवा फार कोरडी झाली की अंडी सुकून जातात. लाल कोळ्याला कोरडं गरमच आवडतं. म्हणजे मार्चनंतरची हवा शत्रूच्या बाजूने आहे, हे मान्य करूनच नियोजन करायचं. सोडायचा खरा हंगाम पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारी, कोळी कमी आणि हवा चांगली असताना. फेब्रुवारीच्या तोडणीची घाई सुरू व्हायच्या आत त्यांचं बस्तान बसलेलं पाहिजे.

मार्चपासून वर शेडनेट ओढा, दुपारी फॉगर थोडा थोडा वेळ पण वारंवार, पॅसेज ओला ठेवा, बाहेरच्या कच्च्या रस्त्यावर पाणी मारा म्हणजे धूळ येणार नाही. मीटर छताखाली नाही, बेंडच्या उंचीला टांगा. मी पहिल्या वर्षी ते दाराजवळ टांगलं होतं आणि महिनाभर खोट्या आकड्यांवर खूश होते.

माल निर्यातीला जात असेल तर आधी निर्यातदाराशी बोला. तपासणीत दांड्यावर जिवंत कोळी दिसला तर तो मित्र की शत्रू हे तिथे ऐकून घेतलं जाईलच असं नाही.

९. घरचं कल्चर

दरवेळी विकत आणणं परवडत नाही आणि वेळेवर मिळतही नाही, म्हणून थोडं घरी जपायचं. घेवड्याचे ट्रे तीन ठिकाणी ठेवा: एकीकडे स्वच्छ रोपं, दुसरीकडे लाल कोळी सोडलेली, तिसरीकडे मित्रकोळी सोडलेली. दहा-बारा दिवसांत रोपांची पहिली दोन पानं मोठी झाली की त्यावर कोळीवाली पानं ठेवा, आठवडा-दहा दिवसांत कोळी भरतो, मग त्यात मित्र सोडा, पुढच्या दहा-पंधरा दिवसांत पानं कापून थेट बेंडमध्ये टाकता येतात. उशीर करू नका, खाणं संपलं की ते एकमेकांना खातात नाहीतर निघून जातात.

जायचा क्रम नेहमी स्वच्छ रोपं, मग कोळी, मग मित्र. उलटं एकदा जरी गेलात तरी मित्रकोळी कोळीच्या ट्रेमध्ये पोहोचतो आणि तुमची शिदोरीच संपवतो. मित्रांचा ट्रे परातीत पाणी भरून मधे पालथ्या पातेल्यावर ठेवा, आजी मुंग्यांपासून गुळाचा डबा राखायची तसाच, पाणी ओलांडून ते जात नाहीत.

एरंड-वांग्याच्या पानांवरून मित्र गोळा करणार असाल तर पानं थेट पॉलिहाऊसमध्ये नेऊ नका, सोबत फुलकिडे आणि पांढरी माशी येते. आधी भिंगाखाली एकेक उचलून, बारीक ब्रशने, ट्रेवर घ्या आणि एकदा जाणकाराला दाखवून जात पक्की करा.

बियाणं म्हणून दुकानातलं रंग लावलेलं बी घेऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं. मी किराणा दुकानातून साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा आणते, किलोभर पुरतो, उगवतोही छान, आणि उरला तर आमटी होते. पहिला ट्रे सप्टेंबरच्या अखेरीस भिजत घाला, म्हणजे नोव्हेंबरला पानं हातात येतील.